पहिल्यांदाच केकवर फाँडंट (लाटून लावायचं साखरेचं आवरण) करतेयस तर हे वाच

अगं, व्हिप्ड क्रीमवर डायरेक्ट फाँडंट घालू नकोस, ओलं होऊन घसरतं, त्यापेक्षा डार्क चॉकलेटचं गनाश (चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण) लाव, 2 भाग चॉकलेट 1 भाग क्रीम, रात्रभर सेट होऊ दे मग वर 3-4 मिमी जाड लाटलेलं फाँडंट. लाटताना कॉर्नफ्लोर अगदी थोडंच भुरभुरव. हत्ती, ट्रेन जे काय थीमचं असेल ते 2-3 दिवस आधी फाँडंटमध्ये सीएमसी पावडर (त्याला कडक करणारी) घालून करून ठेव, आपल्या नाशिकच्या पावसाळ्यात पटकन वाळत नाही ना! माझ्या पहिल्या हत्तीची सोंड केक कापतानाच गळून पडली, पोरं खूश, मी रडकुंडीला. आणि केक फ्रिजमधून काढल्यावर फाँडंटला घाम येतो, त्याला हात लावू नको, आपोआप सुकतो.