जुनी लाकडी जमीन स्वतः घासून पॉलिश करावी का?

जुनं कार्पेट काढल्यावर खाली लाकडी फळ्यांची जमीन निघाली, पॉलिश उडालंय, काळे डाग आहेत, तर मशीन भाड्याने आणून स्वतः घासू का, असं तुम्ही विचारलंय. घासा. पण मशीन आणायच्या आधी एक दिवस पंच (खिळे आत ठोकायची लोखंडी दांडी), हातोडी आणि टॉर्च घेऊन जमिनीवर गुडघे टेकून फिरा. मी तो दिवस वाचवायला गेलो आणि पुढे आठवडा घालवला.

आधी फळीत घासण्याजोगं काही उरलंय का ते बघा. उंबरठ्यापाशी एखादी पट्टी उचकटली की फळीची कड दिसते. अखंड लाकडाची फळी साधारण १९ मिलिमीटर जाड असते, पण घासायला मिळतं ते कडेच्या खाचेच्या (जिच्यात शेजारची फळी अडकते) वरचं लाकूड, नव्या फळीत जेमतेम ६ मिलिमीटर. एका पूर्ण घासकामात त्यातलं अर्धा ते पाऊण मिलिमीटर जातं. खाचेची वरची कड कागदासारखी पातळ झाली असेल किंवा खाचेत लपवून मारलेले खिळे वर डोकावत असतील, तर आधीच्या मालकांनी सगळं घासून संपवलंय. कडेला प्लायसारखे थर दिसले तर वरचं खरं लाकूड सहसा फार तर ३-४ मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. तिथे मोठं मशीन लावूच नका.

मग पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा टिकला तर जुनं पॉलिश अजून जिवंत आहे. हलकं घासून वर एक नवा कोट दिला तरी भागतं. थेंब मुरून लाकूड काळवंडलं तर मात्र पूर्ण घासायला हवं. जमिनीवर मेण असेल तर ते आधी काढा, त्यावर पॉलियुरेथेन (हल्लीचं प्लास्टिकसारखं पारदर्शक पॉलिश) धरत नाही. कार्पेटखाली काळा डिंक चिकटलेला दिसला तर हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. दोन्हीची तपासणी करून घ्या, मगच धूळ उडवा.

आता माझा पराक्रम. ड्रमचं मशीन, म्हणजे फिरत्या ड्रमवर पॉलिशपेपर गुंडाळलेलं घासायचं मशीन, सुरू केलं, वायर पायात आली म्हणून क्षणभर थांबलो. ड्रम फिरतच होता. तेवढ्यात जमिनीत बशीएवढा खळगा. नियम सोपा आहे: मशीन पुढे सरकायला लागल्यावरच ड्रम टेकवायचा आणि थांबायच्या आधी उचलायचा. फळ्यांच्या रेषांच्या दिशेनेच चालायचं. एकही खिळा वर राहिलेला चालत नाही, कागद टरकन फाटतो. पंच लावून सगळे आत ठोका.

दुसरी चूक जास्त महागात पडली. ३६ नंबरच्या पॉलिशपेपरने (नंबर जितका लहान तितका कागद जाड, खरखरीत) सगळं खरवडून झाल्यावर मी थेट १०० लावला. मधले ६० आणि ८० कशाला, असं वाटलं. हाताला जमीन गुळगुळीत लागत होती. पहिला कोट ओला असतानाच खोलीभर बारीक समांतर ओरखडे उमटले, जणू कुणी कंगवा फिरवलाय. जाड कागदाचा ओरखडा फक्त त्याच्या लगतचा बारीक कागद काढतो. १०० नंबर नुसतं वरून चकचकवतो. पुन्हा ६० पासून सुरुवात. हल्ली मी प्रत्येक नंबरनंतर जमिनीवरच आडवा दिवा ठेवून बघतो, डोक्यावरच्या उजेडात काहीही दिसत नाही. भिंतीच्या कडेला वापरायच्या गोल मशीनच्या वळ्याही त्यातच सापडतात. कोपरे मात्र हाताने, धारदार पात्याच्या स्क्रेपरनेच.

काळे डाग ओकसारख्या लाकडात लोखंड आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) एकत्र आल्यामुळे पडतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडने बरेच उतरतात, पण हातमोजे आणि चष्मा घाला, नंतर नीट धुऊन काढा आणि लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय घासू नका. पाळीव प्राण्यांच्या मुताचे खोल डाग मात्र सहसा जात नाहीत, ती फळीच बदला. फटींत लांबी (पुट्टी) भरायची घाई नको. कोरड्या हवेत फळ्या आक्रसतात, दमट हवेत फुगतात आणि भरलेलं बाहेर ढकलतात.

पॉलिशमध्ये मी पाण्याच्या पॉलियुरेथेनकडे झुकतो: रंग फारसा पिवळा पडत नाही आणि दोन-चार तासांत पुढचा कोट देता येतो. तेलाचं जमिनीला उबदार पिवळसर झाक देतं, पण एकेका कोटाला रात्र जाते आणि वास दिवसचे दिवस राहतो. कुठलंही घ्या, कोट पातळ द्या.

जवसाच्या तेलाचे किंवा तेलपॉलिशचे कापडी बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा. मशीनची धुळीची पिशवीही रोज घराबाहेर रिकामी करा, तिच्यातही आग धुमसू शकते. शेवटच्या कोटानंतर सामान तीन-चार दिवसांनी आत आणा, उचलून, ओढून नव्हे. गालिचा दोन आठवड्यांनी.

फळीच्या कडेचा फोटो टाकलात तर किती लाकूड उरलंय ते बघून सांगतो.