आंबोलीत दिसला तो नानेटी की दुसराच?

प्रश्न : जुलैत आंबोलीला गेलेलो, होमस्टेच्या मागे ओढ्याजवळ हातभर तपकिरी साप दिसला, अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळ्या ठिपक्यांची रांग. मालक म्हणाले नानेटी, म्हणजे बिनविषारी साप, मित्र म्हणाला विषारी असेल, मारू या. कोणाचं खरं? (आम्ही मारला नाही बरं का!)

उत्तर : मारला नाहीत ते एकदम बेस्ट केलंत. मालकांचा अंदाज जवळपास बरोबर, पण नानेटीच्या पाठीवर दोन पट्टे असतात, लांबलचक, शेपटीपर्यंत गेलेले, आणि तुम्ही तर ठिपके म्हणताय, शिवाय ओलं जंगल नि ओढा, त्यामुळे मला तो बेडोम्स कीलबॅक वाटतो. फोटो असता तर छातीठोक सांगितलं असतं. हा फक्त पश्चिम घाटातच सापडतो, बिनविषारी, बेडूक खातो, म्हणून पावसाळ्यात पाण्याच्या आसपास जास्त दिसतो. कीलबॅक नाव का, तर खवल्यांवर मधोमध बारीक उभी कड असते, त्यामुळे अंग खरखरीत दिसतं, धामणीसारखं गुळगुळीत नाही. आणि बेडोम म्हणजे ब्रिटिश काळातला लष्करी अधिकारी, दक्षिण भारतातल्या जंगलात झाडं, साप, बेडूक गोळा करत हिंडायचा, 1864 मध्ये गुंथर या प्राणिशास्त्रज्ञाने सापाला त्याचं नाव दिलं. आता साहेबाचं नाव मराठीत कसं बसवायचं हा वेगळाच वैताग!

बिनविषारी म्हटलं म्हणून हातात घ्यायला जाऊ नका हं, ओळखायला आपणही चुकतो. पुढच्या वेळी लांबूनच झूम करून एक फोटो काढा नि पाठवा.