जळगावला मुलगा नववीत गेलाय, तबल्याचा क्लास चालू ठेवू का? त्याने बुद्धी तल्लख होते म्हणतात, ते खरं आहे का?
क्लास चालू ठेवा ताई, पण त्याने गणिताचे मार्क वाढतील या आशेवर ठेवू नका. मी भुसावळला तबला शिकवतो आणि या विषयावरचं संशोधन आवडीने वाचतो, त्यावरून सांगतो. नेमका या वयाच्या मुलांचा अभ्यास शिकागोत झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. शाळेतच वाद्यं शिकणाऱ्या मुलांची तुलना लष्करी धर्तीची कवायत शिकणाऱ्यांशी केली होती. सुमारे तीन वर्षांनी वाद्यं शिकणाऱ्यांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद जास्त परिपक्व दिसला, आणि शब्दांतले ध्वनी ओळखण्यातही ती मुलं पुढे गेली. म्हणजे फायदा कानाचा आणि भाषेचा. तबल्यात तर लक्षाचीही कसोटी लागते: तीनतालाच्या 16 मात्रा मनात चालू ठेवून तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तोच बोल, बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणायची, मन जरा हललं की चुकलंच! पण ही एकाग्रता आपोआप बीजगणितात उतरत नाही. 2020 मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी लहान-मोठ्या मुलांवरचे 54 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ज्यांत तुलना काटेकोर होती त्यांत बुद्धी आणि मार्कांवरचा परिणाम जवळपास शून्य निघाला. एक अट मात्र आहे, मुलाला स्वतःला वाजवायचं असलं पाहिजे. घरी रियाज होत नसेल, क्लासला नुसती हजेरी लागत असेल, तर तेवढा वेळ त्याला मेहरूण तलावावर मोकळं फिरू द्या.