‘दोन सीन काढा, नाहीतर सिनेमा काढतो’

प्रश्न : स्वतःच्या पैशाने आणि मित्रांच्या मदतीने मी ९४ मिनिटांचा भयपट केला आहे. एका स्थानिक चित्रपट महोत्सवात त्याची निवड झाली, तसं मेलवर पत्र आलं, वेळापत्रकात नावही छापलं. आता पाच दिवस उरलेले असताना आयोजकांचा फोन आला. देवळाच्या सभामंडपात बाईच्या अंगात येतं तो प्रसंग आणि लहान मुलाचं नख उपटतात तो प्रसंग, हे दोन्ही काढा, नाहीतर सिनेमा यादीतून काढतो, असं म्हणाले. ‘वरून हरकत आली आहे, जादूटोणाविरोधी कायद्यात सगळेच अडकू, आणि तुमच्याकडे सेन्सॉर सर्टिफिकेटही नाही,’ हे त्यांचं कारण. लेखी काही द्यायला तयार नाहीत. फोन मी रेकॉर्ड केला आहे. कोर्टात जाऊ का? रेकॉर्डिंग फेसबुकवर टाकू का? की त्याच संध्याकाळी शेजारचा हॉल घेऊन मीच शो लावू? प्रवेश शुल्क आणि टीमच्या गाडीभाड्याचे पैसे तरी परत मिळतील का?
– एक दिग्दर्शक

उत्तर : कोर्टात आत्ताच जाऊ नका. रेकॉर्डिंग फेसबुकवर टाकू नका. शेजारच्या हॉलचा बेत तर मनातूनच काढून टाका. पैशांचं शेवटी बघू.

तुम्हाला कोणी अडवलं, हे अजून तुम्हालाच माहीत नाही. आयोजक ‘वरून’ म्हणतात. ते वरचे लोक पोलीस असू शकतात, नाट्यगृह पालिकेचं असेल तर तिथला अधिकारी, एखादा नगरसेवक, प्रायोजक, किंवा खुद्द आयोजकच, ज्यांनी सिनेमा निवडताना पूर्ण पाहिला नव्हता. यातल्या प्रत्येकासाठी कायद्यातला रस्ता वेगळा आहे. पोलीस किंवा पालिका असेल तर संविधानातलं १९(१)(क) चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य पुढे करून कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. खासगी संस्थेने स्वतःच्या मर्जीने तुम्हाला वगळलं असेल तर हे शस्त्र चालत नाही. आपल्या पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवायची तिला बऱ्यापैकी मोकळीक असते. तिच्याशी भांडण राहतं ते कराराचं, म्हणजे निवडीचा मेल आणि प्रवेशिकेतल्या अटी यांचं. त्या अटींत ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य बहुतेक असणारच. तरी ती प्रवेशिका शोधून पुन्हा वाचा.

आता तुमच्या दुखऱ्या जागेकडे येतो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवणं हा कलम ७ खाली गुन्हा आहे, आणि दाखवणारा व दाखवू देणारा असे दोघेही त्यात येतात. मग महोत्सवांत विनाप्रमाणपत्र चित्रपट कसे चालतात? कलम ९ मुळे. त्या कलमाखाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. त्यासाठी आयोजकाने चित्रपटांची यादी आणि सारांश जोडून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करायचा असतो. मोठे महोत्सव हे करतात. छोट्या महोत्सवांतल्या कित्येकांना हे कलम ठाऊकही नसतं. हॉल ठरतो, बॅनर लागतो आणि सगळं सुरळीत पार पडतं, कारण तक्रार करायला कोणी येत नाही. तुमच्या बाबतीत कोणीतरी आलेलं आहे.

म्हणून तर कोर्टाला ‘आत्ता नको’ म्हणतो. तुम्ही तातडीने गेलात की न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असेल, ‘प्रमाणपत्र आहे का? नसेल तर सूट?’ दोन्हींचं उत्तर नकारार्थी असेल, तर जे करणं कायद्यानेच मना आहे ते करू द्या, असा आदेश कोणतंही कोर्ट देणार नाही. आयोजकाने सूट घेतलेली असेल आणि यादीत तुमचं नाव असेल, तर मात्र चित्र पार पालटतं. मग ‘सर्टिफिकेट नाही’ ही निव्वळ सबब उरते. हे एवढं एक उत्तर आज-उद्यात मिळवा.

कोर्टाचा आदेश हातात असूनही पडदा हुलकावणी देऊ शकतो, हेही ऐकून ठेवा. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाच्या ज्युरीने निवडलेले दोन चित्रपट मंत्रालयाने यादीतून काढले : मल्याळम ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. ‘एस दुर्गा’चे दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेले आणि जिंकलेही, चित्रपट दाखवा, असा आदेश झाला. पण शीर्षकाच्या मुद्द्यावर प्रमाणन मंडळाने, म्हणजे सेन्सॉर बोर्डाने, फेरतपासणी काढली आणि महोत्सव संपेपर्यंत तो दाखवला गेला नाहीच. महोत्सवाच्या तोंडावरच्या खटल्यात समोरच्याला फक्त वेळ काढायचा असतो.

जादूटोणाविरोधी कायद्याची भीती घातली आहे, ती सोडून द्या. २०१३ चा हा कायदा प्रत्यक्ष कृत्यांसाठी आहे : नरबळी, अघोरी उपचार, अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना घाबरवणं, धमकावणं. अशा गोष्टींचा प्रचार-प्रसार हाही गुन्हा आहे, आणि आयोजकांनी बोट ठेवलं असेल ते इथेच. पण कथेत पात्राच्या अंगात येणं म्हणजे प्रचार नव्हे. तुमच्या सिनेमाच्या शेवटी एखाद्या खऱ्या बाबाचा पत्ता आणि भेटीची वेळ पडद्यावर येत असेल, तर कळवा, मी माझं मत बदलतो! देवळातल्या प्रसंगाला खरा धोका आहे तो धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ चा. त्यातही मुद्दाम, द्वेषबुद्धीने केल्याचं दाखवावं लागतं. निव्वळ भयपटाला ते लावणं अवघड आहे. तक्रार करणं मात्र सोपं.

नखाचा प्रसंग वेगळा आहे, आणि मला चिंता त्याचीच जास्त वाटते. प्रमाणन मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हिंसा, क्रौर्य आणि भय यांच्या निरर्थक किंवा टाळता येण्याजोग्या दृश्यांना स्पष्ट मनाई आहे. कथेला तो प्रसंग का लागतो हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राची मनाची तयारी हवी. पण त्याआधी, तो मुलगा कोण? बालकलाकाराकडून काम करून घ्यायला निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे, असा नियम आहे. सिनेमात कोंबडी, मांजर, घुबड असं काही असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी वेगळी. मित्रमंडळींच्या सिनेमात हे दोन कागद हमखास राहून जातात आणि विरोधकाचा वकील आधी तेच मागतो. ते नसतील तर आवाज चढवण्यापूर्वी एखाद्या वकिलाला सगळी फाइल दाखवा.

आता आज करायचं काम. फोनवर भांडू नका, मेल करा. मजकूर असा असू द्या :

‘आपल्या अमुक तारखेच्या मेलने माझ्या चित्रपटाची निवड झाल्याचे कळवले होते. काल दूरध्वनीवर आपण त्यातील दोन प्रसंग वगळण्यास सांगितले. ही मागणी कोणाच्या हरकतीवरून वा आदेशावरून आहे ते लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत द्यावी. महोत्सवासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली सूट घेतली आहे काय, व त्या यादीत माझा चित्रपट आहे काय, हेही कळवावे. माझी परवानगी संपूर्ण व मूळ प्रत दाखवण्यापुरतीच आहे. कोणतेही दृश्य वा ध्वनी वगळून, अस्पष्ट करून किंवा बदलून दाखवण्यास माझी संमती नाही. उद्या सायंकाळी सहापर्यंत उत्तर न आल्यास हा निर्णय आपला स्वतःचा आहे असे मी समजेन.’

शेवटून तिसरं-दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. यादीतून नाव काढण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे आयोजकाकडच्या कोणीतरी लॅपटॉपवर बसून तुमचे दोन प्रसंग उडवणं आणि उरलेला सिनेमा तुमच्या नावाने दाखवणं. हे मात्र त्यांना अजिबात करता येत नाही. कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. पुढाकार आणि जबाबदारी तुमची होती, तेव्हा निर्माते तुम्हीच. कलम ५७ प्रमाणे तुमच्या कलाकृतीची मोडतोड तुमच्या प्रतिष्ठेला बाधा आणत असेल तर तुम्ही ती थांबवू शकता आणि भरपाईही मागू शकता. असं काही घडण्याची कुणकुण लागली, तर मनाई हुकमासाठी त्याच दिवशी कोर्टात जा. इथे मी ‘थांबा’ म्हणणार नाही. तोवर प्रत सांभाळा. ऑनलाइन लिंक दिली असेल तर पासवर्ड बदला आणि डाउनलोड बंद करा. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, दिली असेल आणि ती कुलूपबंद असेल, तर चावी पूर्ण सिनेमा दाखवण्याचं लेखी कबूल होईपर्यंत देऊ नका.

उत्तरात पोलिसांचं पत्र निघालं, तर तुमचं पारडं जड होतं. निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एस. रंगराजन खटल्यात सांगितलं. तो खटलाही एका चित्रपटाचाच. तुम्हाला जवळचं वाटेल असं अलीकडचं प्रकरण बंगालचं, तेही भुतांचंच. ‘भविष्यतेर भूत’ हा उपहासपट फेब्रुवारी २०१९ मध्ये लागला. त्याआधी पोलिसांनी निर्मात्याला पत्र पाठवून वरिष्ठ अधिकाऱ्यांना तो आधी दाखवायला सांगितलं होतं. लागल्यावर एका दिवसात बहुतेक थिएटरांनी तो उतरवला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. फरक एवढाच की या दोन्ही चित्रपटांकडे प्रमाणपत्र होतं.

तुमच्याकडेही ते असावं, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाका. या महोत्सवासाठी उपयोग होणार नाही, पण पुढच्या प्रत्येक ठिकाणी होईल. मंडळाने कट सुचवले तर आधी पुनरीक्षण समिती आहे. तिथेही नाही पटलं तर अपील थेट उच्च न्यायालयात, ३० दिवसांच्या आत. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झालं. उच्च न्यायालयात जाणं खर्चाचं आहे, पण निष्फळ नाही. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ला मंडळाने १३ बदल सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला एकच कट ठेवला, सूचनापट्टीतला (डिस्क्लेमरमधला) बदल मान्य केला आणि ४८ तासांत प्रमाणपत्र द्यायला सांगितलं. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला मुदत नसते, एकदा मिळालं की कायमचं.

पालिकेचं नाव पुढे आलं, तर माहिती अधिकारात अर्ज करून त्या हॉलच्या आरक्षणाची फाइल आणि आलेल्या हरकतींच्या प्रती मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे महोत्सव उलटून जाईल. तरी मागा. नाव कळलं की पुढच्या वेळी हाच माणूस फोन करण्यापूर्वी दोनदा विचार करतो, असा माझा अनुभव आहे.

शेजारच्या हॉलमध्ये शो लावलात, तर कलम ७ चा आरोपी आयोजक नसेल, तुम्ही असाल. तक्रारदार तयारच आहे, त्याला फक्त तारीख आणि वेळ हवी आहे. समांतर महोत्सवाची परंपरा आपल्याकडे आहे. २००४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाशी प्रमाणपत्राच्याच अटीवरून वाजलं, तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ उभा केला. पण ते अनेक जण होते, तुम्ही एकटे आहात. इंटरनेटवर टाकायला मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण घाई नको. बऱ्याच महोत्सवांना आधी कुठेही न दाखवलेला सिनेमा हवा असतो. रागाच्या भरात टाकलेली लिंक ती दारं बंद करते.

रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मोलाचं आहे. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात देता येईल. फेसबुकवर टाकलं की आयोजकाला बदनामीची उलट तक्रार करायची संधी मिळते आणि मूळ विषय बाजूला पडतो. ‘माझा चित्रपट यादीतून काढला, लेखी कारण दिलेलं नाही’ एवढं खरं आणि कोरडं वाक्य खुशाल लिहा. कोणाचंही नाव आणि हेतू त्यात नको.

राहिलं पैशांचं. शो झालाच पाहिजे असा आदेश करारभंगात क्वचितच मिळतो, पण प्रवेश शुल्क आणि निवड पक्की झाल्यावर तिच्या भरवशावर केलेला थेट खर्च मागता येतो : टीमच्या परतीच्या तिकिटांचे पैसे, छापलेली पोस्टर्स. पावत्यांचे फोटो त्याच मेलला जोडा आणि रक्कम लिहून मागा. एवढ्या पैशांसाठी वकिलाची नोटीस काढली तर ती त्याहून महाग पडेल.