सर्व्हरवर आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम कडक केले तर डीडॉस हल्ला थांबेल का?

तुमची स्थानिक बातम्यांची साइट एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालते आणि तिच्यावर वारंवार डीडॉस हल्ले होतात, म्हणजे असंख्य मशीनवरून एकदम मारा करून ती बंद पाडली जाते, म्हणून विचारताय. काही हल्ले थांबतील. पण येणारी लाइनच भरून गेली, तर सर्व्हरवरचा कुठलाही नियम उपयोगाचा नाही. पॅकेट (डेटाचा तुकडा) तुम्ही टाकून द्याल, पण तोवर ते लाइनीतून येऊन गेलेलं असतं.

त्यामुळे आधी नेमकं काय संपतंय ते बघा: लाइन, मेमरी की सर्व्हरची ताकद. अर्धवट जोडलेली कनेक्शन हजारोंनी दिसली, तर तो सिन फ्लड, म्हणजे कनेक्शन सुरू करायच्या (सिन) विनंत्यांचा पूर. १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा यानेच बंद पडली होती. त्यावरचा सिन कुकीजचा उपाय मला आजही फार सुंदर वाटतो: सर्व्हर अर्धवट कनेक्शनची नोंदच ठेवत नाही, आवश्यक माहिती उत्तराच्या सिक्वेन्स नंबरात (पॅकेटवरच्या क्रमांकात) घालून पाठवतो, आणि समोरून खरं उत्तर आलं तरच मेमरी खर्च करतो. लिनक्समध्ये ही सोय आहेच, चालू आहे का तेवढं बघा.

लाइन भरणारे हल्ले मात्र वरच, म्हणजे तुमच्या लाइनीत शिरण्याआधीच अडवावे लागतात. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. उघड्या मेमकॅश्ड (डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरना खोट्या पत्त्याने, म्हणजे गिटहबच्या नावाने, छोटी विनंती पाठवायची, प्रचंड उत्तर गिटहबवर जाऊन आदळणार. गिटहबनेही ट्रॅफिक अकामाई या हल्ले गाळणाऱ्या कंपनीकडे वळवूनच तो थोपवला. तुमच्या होस्टिंग कंपनीला आजच विचारा, हल्ला झाला तर ट्रॅफिक गाळून देणार की आमचा आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) बंद करणार? बऱ्याच स्वस्त योजनांत आयपीच बंद होतो, म्हणजे हल्लेखोराला हवं तेच.

पुढे सीडीएन (वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये उभं राहून पानं देणारं सर्व्हरचं जाळं) लावलात तर मूळ आयपी बदला. जुना पत्ता डीएनएसच्या (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेच्या) जुन्या नोंदींत किंवा साइटवरून जाणाऱ्या मेलच्या हेडरमध्ये सापडतो, आणि हल्लेखोर सीडीएनला वळसा घालून थेट तिथे येतो. नवीन आयपीवर वेबचे पोर्ट फक्त सीडीएनच्या पत्त्यांना उघडे ठेवा.

शोध-पानावर विनंत्यांचा भडिमार होत असेल तर कॅशिंग करा (तयार पान साठवून तेच पुन्हा द्या), विनंत्यांवर मर्यादा घाला. पण दर आयपीमागे फार कमी मर्यादा नको. आपल्याकडे मोबाइलवरचे असंख्य वाचक एकाच आयपीमागून येतात, हल्लेखोराआधी तेच बाहेर पडतील. बातमीच्या साइटला हे परवडणारं नाही.

आणि तुमच्या सर्व्हरवर मेमकॅश्डचा यूडीपी ११२११ पोर्ट किंवा सगळ्यांना उत्तर देणारा डीएनएस उघडा असेल तर बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या साइटवरच्या हल्ल्यात तोच वापरला जाईल.