उशाशी बसताना

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन महिने अखेरच्या रुग्णांची सेवा करूनही 'आध्यात्मिक असं काही' जाणवलं नाही, आपलंच कुठे चुकतंय का, असं विचारलंस. सेवेत काही चुकत नाहीये. शोधायची घाई मात्र होतेय.

मीही तेच केलं होतं. एका आजींच्या उशाशी बसून त्यांच्या चेहऱ्यावर शांती दिसते का, ते न्याहाळत होते. त्यांचे ओठ सुकून भेगाळले होते, जीभ टाळूला चिकटत होती, आणि ते मला दिसलंच नाही. वरिष्ठ सिस्टर आल्या. काही न बोलता त्यांनी ओला बोळा घेऊन आधी ओठ टिपले, मग हिरड्या, मग जीभ, अगदी सावकाश. आजींनी डोळे न उघडताच तोंड किंचित पुढे केलं. मला फार शरम वाटली. त्यांच्या मरणातून मी स्वतःसाठी काही मिळवायला बसले होते, आणि त्यांना ओलावा हवा होता.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या रुग्णांचं शुश्रूषाघर, उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 'टोटल पेन' ही कल्पना मांडली. शरीराचं दुखणं, मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि 'माझं जगणं कशासाठी होतं' ही टोचणी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून मॉर्फिन दुखणं उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायचं, हा त्यांचा आग्रह. अंग ठणकत असलेल्या माणसाशी देवाच्या गोष्टी करू नकोस. दुखणं उतरलं की पुष्कळदा तोच बोलायला लागतो. डेव्हिड तास्मा नावाच्या एका निर्वासिताशी साँडर्स अशाच बोलत बसायच्या. आपल्यामागे काहीच उरणार नाही, ही त्याची खंत. १९४८ मध्ये जाताना त्यानं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले: तुमच्या घरातली एक खिडकी होईन, म्हणाला. ते घर म्हणजेच सेंट ख्रिस्तोफर्स, उभं राहायला १९ वर्षं लागली.

कुणी 'मी मरणार का?' विचारलं तर खोटं बोलू नकोस. 'तुम्हाला काय वाटतं?' एवढं विचार आणि गप्प बस. ती शांतता जड जाईल, जाऊ दे. नातेवाईक घास भरवायचा हट्ट करतील. न जेवल्यामुळे माणूस जात नाहीये, शरीर मिटत चाललंय म्हणून भूक गेलीय, हे त्यांना हळू आवाजात, लागेल तितक्या वेळा सांग.

माझ्यापुरतं विचारशील तर, माणूस गेल्यावर अंग पुसताना मी अजूनही त्याला सांगते, 'आता कुशीवर वळवते हं.' सांगितल्याशिवाय हात लावावासाच वाटत नाही. का, ते मला नीट मांडता येत नाही. देवाचं नाव घ्यायचंच झालं तर मी तिथे घेईन.

आज रात्रपाळी आहे ना? हात धरण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून ऊबदार कर. गार हातानं माणूस दचकतो.

तुझी,
ताई