तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर नको

लसणाविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : कोंब आलेला लसूण विषारी असतो का?
नाही. बुरशी धरलेला मात्र टाकून द्या.

प्रश्न : लिंबाच्या रसातल्या लोणच्यात लसूण निळा-हिरवा पडला. फेकू का?
नको. आंबटामुळे रंग बदलतो, अपाय होत नाही.

प्रश्न : सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवते. महिनाभर वासही येत नाही. चालेल ना?
अजिबात नाही! वास येत नाही, हाच तर धोका. लसूण जमिनीत वाढतो आणि मातीतले बोटुलिझमचे (नसा लुळ्या पाडणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे) जंतू बीजरूपाने त्याला चिकटून येतात. वर तेल आलं की हवा तुटते, लसणात आंबटपणा नसतो, आणि घरातल्या उबेत ते जंतू विष तयार करतात. साध्या उकळीने ही बीजं मरत नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 1985 साली एका हॉटेलातल्या अशाच बाटलीबंद लसणामुळे तीसहून अधिक माणसं आजारी पडली. 1989 मध्ये अमेरिकेने विकायच्या अशा लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं. आपल्याकडे मात्र 'घरगुती, केमिकलविरहित' अशी चिठ्ठी लावून तीच बाटली कौतुकाने विकली जाते. ज्याने जंतू रोखायचे तेच काढून टाकलं, यात कौतुक कसलं? तेलातला लसूण लागेल तेवढाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. ओट्यावरची बरणी आजच टाका, चाखून बघू नका. असं काही खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं किंवा घास गिळेना, तर सकाळची वाट पाहू नका. तडक मोठं रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

प्रश्न : रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या खातो. बीपीची गोळी बंद करू का?
नाही. लसणाने रक्तदाब थोडासा उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते बहुतेक ठरावीक मात्रेच्या अर्कावर झालेले आहेत. शेजाऱ्याची गोळी सुटली, हे तुमची सोडायचं कारण नव्हे. ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लसणाच्या कॅप्सूलबद्दल आधीच सांगा, दात काढायचा असला तरीही.

प्रश्न : ठेचून लगेच फोडणीत टाकावा का?
दहा मिनिटं थांबा. ठेचल्यावर अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणाला उग्र वास देणारं द्रव्य, तयार होतं. तापलेल्या तेलात ती क्रिया थांबते.

प्रश्न : बाळाला सर्दी झालीय. ठेचलेला लसूण छातीला बांधू का?
नको, कातडी भाजून फोड येतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि धाप लागत असेल तर लगेच.